डावा पाय

विमा कंपनीच्या क्लेम विभागात अपघात पाहायचे ते आवाज बंद करून. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. एकदा कुणीतरी एका क्लिपचा आवाज चालू ठेवला होता. पलीकडच्या टेबलावरची कारकून तशीच उठून घरी गेली आणि बरेच दिवस कामावर आलीच नाही. तेव्हापासून हॉलमधले सगळे स्पीकर कपाटात पडून होते.

त्यामुळे त्या सकाळी क्लेमच्या साहेबांनी मॉनिटर फिरवला, तेव्हा पडद्यावर माणूस मेला तो अगदी मुकाट्याने.

गाडीच्या काचेमागे लावलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र होतं. ड्रायव्हिंग स्कूलचं सरावाचं मैदान, टोकाला उंच भिंत, भिंतीपाशी प्लॅस्टिकचे कोन. पांढऱ्या शर्टातला एक माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून, वाकून, पडलेला कोन सरळ करत होता. बराच वेळ काहीच हललं नाही. मग भिंत एकदम अंगावर आली. पाठ मोठी झाली, काच तडकली आणि चित्र थांबलं.

"हे स्कूलचे मालक. सगळे त्यांना सर म्हणायचे," साहेब म्हणाले. "गाडी एक शिकाऊ नर्स चालवत होती. शेजारी शिकवायला सरांचा मेहुणा. सरळ केस आहे, बाई. क्लच सोडला, गाडीने उडी मारली. सरांच्या पत्नीचा क्लेम आलाय. मृत्यूचा क्लेम असला की बाहेरच्या तपासनिसाचा शेरा लागतो, म्हणून तुम्हाला त्रास."

बाईंनी मान डोलावली. त्या खाजगी तपासनीस होत्या आणि गाड्यांच्या क्लेममध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे विशेष, कारण त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नसे. त्यांना सगळीकडे नेत त्यांचे धाकटे दीर. त्यांनी उभी हयात बस चालवली होती. गाडीतलं त्यांना सगळं कळे. माणसातलं जरा उशिरा कळे.

"त्या नर्सचं पुढे काय?" बाईंनी विचारलं.

"उद्या येऊन सही करतेय. चूक माझी, म्हणून. स्वतःहून तयार झाली, बिचारी. मग पोलीस त्याच कबुलीवर खटला भरतील. नर्सची नोकरी तर गेल्यात जमा आहे. तुरुंगही होईल बहुधा."

"क्लिप पाहिली कुणी कुणी?"

"इन्स्पेक्टरांनी. मेहुण्याने. तिनेही. सगळ्यांना इथेच बसवून दाखवली."

"अशीच?"

"अशीच म्हणजे?" साहेबांना प्रश्न कळला नाही.

"काही नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड द्या मला."

"अहो, त्यावर बाकी नुसता रस्ता आहे. कॅमेरा अपघाताचा तुकडा राखून ठेवतो, बाकीच्यावर नवं चढत जातं. नंतर गाडी हललीच नाही म्हणून जुनं काही उरलंय, इतकंच."

"मला तोच रस्ता हवाय," बाई म्हणाल्या.

*

भावोजींनी गाडी एका झाडाखाली लावली. बाईंनी मांडीवर लॅपटॉप घेतला, कानात इअरफोन घातले आणि डोळे मिटले. भावोजींना ही सवय माहीत होती, तरी दर वेळी त्यांना वाटे की वहिनी झोपल्या.

"भावोजी," डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "क्लच म्हणजे नेमकं काय, ते मला पुन्हा एकदा सांगा."

"किती वेळा सांगू, वहिनी? क्लच दाबला की इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे. नवरा-बायकोचं वाजल्यावर होतं तसं. घर एकच, पण बोलणं बंद. मग तुम्ही हवी तेवढी रेस द्या, इंजिन नुसतं ओरडणार, गाडी जागची हलणार नाही."

"आणि ओरडत असताना क्लच सोडला तर?"

"उडी मारते. त्या मुलीचं तेच झालं."

"हँडब्रेक ओढलेला असताना सोडला तर?"

"मग इंजिन गुदमरतं. धडधडतं आणि बंद पडतं. ओरडत नाही."

बाईंनी इअरफोन त्यांच्या कानात घातले आणि अपघाताचा तुकडा लावला.

आधी इंजिनचा सावकाश चढत जाणारा आवाज. एक पुरुष म्हणाला, "दाब. अजून थोडं." मग बाईमाणसाचा घाबरा आवाज: "मामा, डावा पाय पूर्ण काढलाय. तरी पुढे जात नाही." पुरुष म्हणाला, "बरोबर आहे. तू दाब अजून. आवाज ऐक इंजिनचा." इंजिन आणखी चढलं. मग एक हिसका, "ब्रेक! अगं ब्रेक मार!" आणि त्याच्यावर चढलेली एक लांब किंकाळी.

भावोजींनी इअरफोन काढले. त्यांचा चेहरा उतरला होता. "संपलंच की. ती स्वतःच सांगतेय, डावा पाय काढला म्हणून. क्लच डाव्याच पायाने दाबतात, वहिनी. पाय काढला, गाडी उडाली. बिचारी आपल्या तोंडाने कबूल करतेय."

 बाई त्याच दिवसाचा आधीचा तुकडा ऐकत होत्या. तोच धडा, पण बाहेरच्या रस्त्यावरचा. आता त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. एक सायकलवाला आडवा आला, चित्र एकदम पुढे झुकलं, म्हणजे गाडीचं नाक ब्रेकने खाली गेलं, आणि गाडी थांबली. पुरुषाचा आवाज म्हणाला, "तू नाही, मी मारला ब्रेक. मी नसतो तर गेला असता तो."

मग बाईंनी आधीच्या दिवसांचे तुकडे काढले. तिथे कधी सर शिकवत होते, कधी मेहुणा, आणि गाडी अशी मध्येच थांबली की दर वेळी एक कर्कश भोंगा वाजत होता. एका तुकड्यापाशी मात्र त्या थबकल्या. तो त्यांनी पुन्हा लावला, अर्ध्यावर बंद केला आणि पाण्याची बाटली मागितली.

"काय ऐकलंत?" भावोजींनी विचारलं.

"सांगेन. आधी त्या नर्सकडे चला."

*

नर्सचं घर म्हणजे दोन खोल्या. अपघातापासून ती कामावर गेली नव्हती. युनिफॉर्म इस्त्री करून दाराला टांगलेला होता. तिची आई मध्येच येऊन विचारून गेली, "उद्या सही केली की संपेल ना सगळं?" 

"घरोघर जाऊन पेशंट बघायचं काम मिळणार होतं," नर्स म्हणाली. "गाडी चालवता येते का, एवढंच विचारलं होतं त्यांनी. म्हणून शिकायला गेले. मी माणसं जगवायचं काम करते हो. आणि बघा."

"त्या दिवशी शिकवायला कोण होतं?"

"एरवी सरच असायचे. त्या दिवशी मामा म्हणाले, आज हिला मी घेतो. सरांच्या मुलांचे ते मामा, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याबरोबर माझी ती पहिलीच फेरी."

"मैदानात आल्यावर काय झालं?"

"मामांनी हँडब्रेक सोडला, गिअर टाकायला लावला. सर पुढे कोन लावत होते. मी म्हटलं, सर समोर आहेत. तर म्हणाले, गाडी हलणारच नाही, इंजिनचा आवाज ओळखायला शीक. आज डाव्या पायाला सुट्टी, काढून खाली मॅटवर ठेव. मी ठेवला. उजव्याने दाबत राहिले." ती थांबली. "मग उडालीच. मला ब्रेक सापडला नाही. पाय होता तिथेच गोठला. मामा ओरडत होते, मला ऐकू येत होतं, पण पाय हलेना."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, घाबरल्यावर माणसाला पाय कुठे होता ते आठवत नाही. मामाही तेच म्हणाले. मलाही आता वाटतं, तसंच असेल. क्लिपमध्ये पाहिलं ना मी. गाडी माझ्याच हातात होती."

"सर शिकवायचे तेव्हा गाडीत भोंगा वाजायचा का?"

"बझर? हो. सरांनी त्यांच्या बाजूचा पेडल दाबला की वाजायचा. माझी छातीच धडधडायची."

"आणि त्या दिवशी?"

नर्सने आठवून पाहिलं. "त्या दिवशीचं मला एकच ऐकू येतं, बाई. माझं किंचाळणं."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "पोरगी चांगली आहे हो. पण चांगल्या माणसाचाही पाय घसरतोच."

"घसरतो," बाई म्हणाल्या. "मॅटवर ठेवलेला नाही घसरत."

*

स्कूलचं ऑफिस मैदानाच्या कडेला होतं. त्याच्या खिडकीतून सगळं मैदान आणि ती भिंत दिसे. सरांच्या पत्नी तिथेच बसून होत्या. शिकणाऱ्यांची फी परत करायची आहे, म्हणाल्या. पण समोरचे कागद हलले नव्हते.

"कॅमेरा कधी बसवला सरांनी?" बाईंनी विचारलं.

"अलीकडेच. अपघात झाला तर विम्याला पुरावा होईल, म्हणाले. मग रोज संध्याकाळी कानात ते इअरफोन घालून बसायचे. मी चिडवायची, रस्ता बघता की गाणी ऐकता? हसायचे नाहीत." त्यांनी पदराने डोळे टिपले. "अलीकडे हसतच नव्हते. माझ्या भावाबरोबर एका टेबलावर जेवायचेही बंद झाले होते. दोन मुली अर्ध्यातच शिकायचं सोडून गेल्या, त्याचीच काळजी असेल. विचारलं तर म्हणायचे, वेळ आली की सांगतो."

"भाऊ इथेच राहतो?"

"आईवडील गेल्यावर मीच वाढवलं त्याला. त्याला दुसरं घर कुठे आहे?"

स्कूलचा मिस्त्री शेडमध्ये हात पुसत उभा होता. ब्रेक निकामी होता असं ठरलं तर आपल्या गळ्याशी येईल, ही भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट होती. त्याने धडकलेली गाडी उघडून दाखवली. शेजारच्या सीटखाली शिकवणाऱ्यासाठी दोन पेडल होते, क्लच आणि ब्रेक.

"इकडचा दाबला की तारेने तिकडचाही खाली जातो," तो म्हणाला. "आणि यातला कुठलाही दाबला की बझर वाजतो. शिकणाऱ्याला कळायला हवं ना, की गाडी आपण नाही, मास्तरने सांभाळली." त्याने हाताने ब्रेकचा पेडल दाबला. बझर कोकलला. "ठणठणीत आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी तपासायला आला, तेव्हाही वाजवून दाखवला."

"बंद करता येतो?"

"सीटखाली क्लिप आहे तारेची. हाताने निघते, हाताने बसते. पण सर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांचा जीव होता त्या बझरवर. इथे दिवसभर इंजिनं बोंबलतात, सर कधी वळून बघायचे नाहीत. पण बझर वाजला की हातातलं टाकून मान वर."

मामा स्वतःच पुढे आला. धिप्पाड, शर्ट कडक इस्त्रीचा, डोळे लाल.

"विचारा, काय हवं ते विचारा. माझ्या डोळ्यांपुढून जात नाही हो. दाजी माझे. वडिलांच्या जागी."

"सर पुढे असताना रेस का द्यायला लावली?"

"गाडी उभीच होती. क्लच तिने दाबून धरलेला. इंजिनचा आवाज ओळखायला असंच शिकवतात. ती बावरली आणि क्लच सोडून दिला."

"तुमच्याकडेही ब्रेक आहे."

"उभा राहिलो ना मी त्यावर! सगळा भार टाकला. बझर नुसता किंचाळत होता, अजून कानात आहे. पण तिने रेस सोडली नाही आणि भिंत जवळ. काय करणार?" त्याने डोळे पुसले. "क्लिप पाहिलीत ना तुम्ही? साहेबांनी मलाही दाखवली. त्यात आहेच सगळं."

"हो," बाई म्हणाल्या. "त्यात आहे सगळं."

 परतताना भावोजी म्हणाले, "माणूस खरंच रडत होता, वहिनी."

"खरंच रडत होता," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सगळ्यांना मैदानावर बोलवा. नर्सला सांगा, आधी तिथे ये, सही मग ऑफिसात. आणि इन्स्पेक्टरांना म्हणावं, येताना एकटे येऊ नका."

*

सकाळी मैदानात ऊन नुकतं पडलं होतं. साहेब घड्याळाकडे बघत उभे होते, इन्स्पेक्टर हात मागे बांधून. नर्स आणि तिची आई एका बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. मामा शेडच्या खांबाला टेकला होता. सरांच्या पत्नी ऑफिसातच बसल्या; त्या भिंतीजवळ यायचं त्यांच्याने होत नव्हतं. खिडकीतून कागदांवर वाकलेलं त्यांचं डोकं दिसत होतं.

स्कूलची दुसरी, तशीच गाडी मधोमध उभी होती. भावोजींनी तिच्या चाकांपुढे दगड लावले होते आणि ते तिच्याकडे अत्यंत काळजीने बघत होते, कारण ड्रायव्हरच्या सीटवर बाई बसल्या होत्या.

"वहिनी, तुम्हाला येत नाही हो."

"म्हणून तर मी बसतेय."

शेजारी मिस्त्री बसला. दारं उघडी ठेवली होती.

"साहेब," बाई आतून म्हणाल्या, "तुमच्या हॉलमध्ये आवाज लावत नाहीत, हे मला माहीत आहे. त्याचं कारणही पटतं. पण त्यामुळे झालं असं, की ही क्लिप सगळ्यांनी पाहिली आणि कुणीच ऐकली नाही."

मामाने खांबावरची पाठ काढली.

"क्लिपमध्ये इंजिन आधी ओरडतं. त्या वेळी ही मुलगी म्हणते, डावा पाय पूर्ण काढलाय, तरी पुढे जात नाही. भावोजींना वाटलं, ती चूक कबूल करतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ती हे बोलते तेव्हा गाडी उभी आहे. बोलून झाल्यावरही उभीच आहे. मामा म्हणतात, अजून दाब. इंजिन आणखी चढतं. उडी त्यानंतर आहे. भावोजी, क्लचवरचा पाय काढला, रेस दिली, तर गाडी उभी कशी राहील?"

"राहणारच नाही. गिअर असला तर निघेल. हँडब्रेक असला तर..." भावोजी थांबले. इतकी वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. "तर इंजिन गुदमरेल. ओरडणार नाही. म्हणजे क्लच दाबलेलाच होता."

"आणि तिचा पाय त्यावर नव्हता."

 बाकावर नर्सने आईचा हात घट्ट धरला.

"ती चुकीचं बोलली असेल," मामा म्हणाला. "पाय क्लचवरच असेल तिचा. शिकाऊ आहे. तिला काय कळतंय?"

"असेल. मग तुमचं बघू. तुम्ही काल सांगितलंत, मी ब्रेकवर उभा राहिलो. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं आणि कॅमेऱ्यातलं चित्र झुकतं. त्याच दिवशी सकाळी सायकलवाला आडवा आला तेव्हा झुकलंय. भिंतीपाशी मात्र चित्र सरळ आहे, शेवटपर्यंत. आणि तुम्ही म्हणालात, बझर किंचाळत होता."

"मग?"

"क्लिपमध्ये बझर नाही."

मामाने ओठांवरून जीभ फिरवली. "वायर सुटली असेल."

"सुटलीच होती. सायकलवाल्यासाठी तुम्ही ब्रेक मारलात, तसं तोंडानेही म्हणालात, तेव्हाही तो वाजला नाही. त्याआधीच्या सगळ्या दिवशी वाजलाय. सर्व्हेअर आला तेव्हाही वाजला. म्हणजे त्या सकाळी कुणीतरी सीटखालची तारेची क्लिप काढली आणि नंतर परत बसवली. पण मामा, सुटलेल्या तारेचा बझर तुमच्या कानात अजून कसा वाजतोय?"

 इन्स्पेक्टर दोन पावलं मामाच्या बाजूला सरकले.

"तुम्हाला वाटलं, कॅमेरा मुका आहे. क्लिप मुकीच दाखवली ना तुम्हाला," बाई म्हणाल्या. "म्हणून तुम्ही बझर आपल्या पदरचा घातलात."

"पण बझर काढायचाच कशाला?" साहेबांनी विचारलं. "त्या मुलीला कळू नये म्हणून?"

"तिलाच नाही. मिस्त्री, क्लच दाबा."

बाईंनी गाडी चालू केली होती. मिस्त्रीने आपल्या बाजूचा क्लच दाबला. बझर कोकलला.

खिडकीतलं डोकं झटकन वर झालं. सरांच्या पत्नी मैदानाकडे बघत होत्या, हातातलं पेन हवेतच होतं. इतक्या वर्षांची सवय नवऱ्याबरोबर त्यांच्याही अंगात मुरली होती. मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी सावकाश मान खाली घातली.

"आता तार काढा."

मिस्त्रीने सीटखाली हात घातला. बझर थांबला. त्याने क्लच पुन्हा दाबला. बाईंनी गिअर टाकला, डावा पाय उचलून गाडीच्या बाहेर, मातीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि उजव्याने रेस दाबली. इंजिन चढत गेलं, इतकं की नर्सच्या आईने कानांवर हात ठेवले. गाडी तसूभर हलली नाही.

खिडकीतलं डोकंही हललं नाही. त्या कागदांवर वाकलेल्याच राहिल्या. मैदानात इंजिन ओरडलं तर मान वर करायची, असं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंनी इंजिन बंद केलं. "इतकंच हवं होतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "सरांनी वळू नये. समोर सर वाकलेले. शेजारी एक घाबरलेली मुलगी, जिला ब्रेक अजून न बघता सापडत नाही. सरांकडून मुद्दाम मागून घेतलेली. तिने रेस दिली, यांनी क्लच धरून ठेवला, आणि मग सोडला. एवढंच केलं यांनी. पाय उचलला."

"कशासाठी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. सरांच्या पत्नी आता दारात येऊन उभ्या होत्या. हे त्यांच्यासमोर बोलायचं बाईंना जिवावर आलं होतं, पण त्यांच्यापासून लपवायला आता उरलं काय होतं?

"सरांनी कॅमेरा विम्यासाठी बसवलाच नव्हता. नुसता रस्ता बघायला इअरफोन लागत नाहीत. सोडून गेलेल्या दोन मुलींपैकी एकीने त्यांना काहीतरी सांगितलं असणार, आणि त्यांना स्वतःच्या कानांनी खात्री करायची होती. कार्डावर एका मुलीचा आवाज आहे. ती म्हणते, मामा, हात काढा. तीनदा म्हणते. पुढचं मी ऐकलं नाही. ते पोलिसांनी ऐकावं."

बाईंनी मामाकडे पाहिलं.

"आणि शेवटच्या संध्याकाळचा एक तुकडा आहे. गाडीत हे दोघेच. सर म्हणतात, परवापासून तू कुणाच्याही शेजारी बसायचं नाहीस, त्या मुलींना घेऊन मीच पोलिसांत जाणार. हे म्हणतात, ताईला सांगू नका. सर म्हणतात, तिला मी सांगणार, पण उद्या तुझा शेवटचा धडा आटपू दे, लोकांसमोर तमाशा नको." बाई जरा थांबल्या. "तो शेवटचा धडा त्यांनी द्यायला नको होता. पण तेवढी लाज त्यांनी बायकोच्या भावाची राखली."

मामा एकदाच बोलला, तेही बहिणीकडे बघून. "ताई, तू तरी..."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या बाईंना म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही वाढवलंत ना त्याला. धीर झाला नसेल."

त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. नवरा गेला त्याला थोडे दिवस झाले होते; भाऊ आत्ता, समोर, गेला. त्या रडल्या नाहीत. मिस्त्रीने पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला, तो तसाच राहिला.

इन्स्पेक्टर आणि त्यांचा शिपाई मामाला घेऊन गेले. साहेब घसा खाकरून म्हणाले, "बाई, मग क्लेमचं आता... मी शेरा काय लिहू?"

"जे ऐकलंत ते लिहा. आणि कपाटातला एक स्पीकर बाहेर काढा."

नर्स बाकावरून उठून गाडीपाशी आली. कबुलीचा कागद तिच्या हातात घामाने ओला झाला होता. भावोजींनी तो तिच्याकडून घेतला आणि खिशात कोंबला.

"मग मी ब्रेक का नाही मारला?" ती म्हणाली. "तो तर माझ्या पायाजवळ होता. मारला असता तर..."

"मारला असतास तर कदाचित वाचले असते," बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं, पण ही मुलगी खोट्यावर फार दिवस उभी राहिली नसती. "पण तिथवर गाडी तू नेली नाहीस. ये, बस."

त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि आपले इअरफोन तिच्या कानांत घातले. ती मागे सरली. बाईंनी तिचा हात धरला आणि क्लिप लावली. नर्सच्या चेहऱ्यावर इंजिन चढत गेलेलं दिसलं. मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, घाबरा पण स्पष्ट: मामा, डावा पाय पूर्ण काढलाय.

बाईंनी तिथेच बंद केलं. "इथपर्यंत तुझं. पुढचं त्याचं."

 नर्सने डावा पाय किंचित उचलला, पाहिला आणि परत खाली ठेवला.

"पुढचं मला रोज ऐकू येतं," ती म्हणाली. "एवढंच येत नव्हतं. पुन्हा लावाल?"

बाईंनी पुन्हा लावलं.